बारावा अध्याय: महिनाभर ऐका आणि तसं वागून बघा

ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण करायचं तर रोज १२००-१३०० ओव्या वाचाव्या लागतात. पारायणाची गोडी वेगळीच, ती सोडू नये. पण ग्रंथात ऐकलेलं वागण्यात उतरावं अशी इच्छा असेल, तर त्या वेगात ते होत नाही. त्यासाठी रोज ८ ओव्या पुरेत. सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा. गीतेचे श्लोक फक्त २०, माउलींच्या ओव्या २५० च्या आसपास, म्हणजे महिन्यात अध्याय पुरा होतो. शिवाय भक्त माणसांत कसा वागतो, हे त्याच्या उत्तरार्धात अगदी उघड सांगितलं आहे.

वेळ घड्याळापेक्षा जेवणाला बांधा. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची पाळी बदलते, त्यामुळे ‘सकाळी सहा’ असं ठरवलं की पाळी बदलताच नेम मोडतो. ‘रात्रीच्या जेवणाआधी’ असं ठरवलं तर बहुधा टिकतो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबरची छाटणी किंवा माल काढणीचे दिवस टाळून सुरुवात करावी. याच अध्यायात म्हटलं आहे की सगळं चित्त देता येत नसेल, तर आठ प्रहरांतला निमिषभर तरी देत जा. तेव्हा १५ मिनिटं कमी वाटून घेऊ नका.

सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली प्रत घ्या. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आधी आठही ओव्या सलग, मोठ्याने. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. त्या चौथ्यानंतर एक श्वास थांबा. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती नुसता सूर राहतो. मग अर्थ, मग त्याच ओव्या पुन्हा एकदा. शेवटी दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. वाचणारा रोज बदला, मुलांनाही पाळी द्या. अडखळले तरी मधे दुरुस्त करू नका, अर्थाच्या वेळी सांगा.

आठ हा आकडा मात्र काटेकोर धरू नका. माउली एका मुद्द्यासाठी ओळीने तीन-चार दृष्टांत देतात आणि मुद्दा बऱ्याचदा ‘तैसें’पाशी येतो. दृष्टांताच्या मध्येच थांबलात तर त्या दिवशी हाती काहीच लागत नाही. कधी सहावर थांबा, कधी अकरापर्यंत जा.

पहिले अडीच आठवडे फक्त ऐका. ओवी १४४ च्या आसपास भक्ताची लक्षणं सुरू होतात. तिथून वही काढा. आठवड्याला एकच लक्षण घ्यायचं. घाव घालणारा आणि रोप लावणारा, दोघांना झाड सारखीच सावली देतं, हा दृष्टांत घेतला असं समजू. ‘सगळ्यांशी समभावाने वागेन’ असं लिहिलंत तर ते तपासता येत नाही. कोणाशी, काय आणि कधी, हे लिहा: ‘बांधावरून ज्या चुलतभावाशी बोलणं बंद आहे, त्याच्या आजारी आईला बघायला रविवारी जाईन.’ दुकानदाराने लिहावं: ‘उधारीच्या गिऱ्हाइकालाही रोखीवाल्यासारखाच नंबराने माल देईन.’

रात्री त्यापुढे ‘झालं’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा, आणि ‘नाही’ असेल तर कारण. विसरलात, तर ते काम ठरलेल्या वेळेला जोडा. संकोच वाटला, तर काम लहान करा: घरी जाण्याऐवजी फोन. राग आडवा आला, तर माणूस बदला. जिथे मन कमी दुखावलं आहे तिथून सुरुवात करा.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ओवी दुसऱ्यावर लावणं. सासूने सुनेला, बापाने मुलाला ‘बघ, काय सांगितलंय’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी ऐकायला कुणी बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. वहीत फक्त स्वतःचं नाव येऊ द्या. क्षमेचा अर्थ घरातली मारहाण सोसणं असा कुणी काढत असेल, तर तिथे वाचन थांबवून आधी मदत मागावी.

नाशिककरांनी आणखी एक कसोटी विसरू नये. काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दार बंद ठेवणारेही धर्माचंच नाव घेत होते. घरच्याला उजेड आणि परक्याला अंधार असा भेद दिवा करत नाही, असं हाच अध्याय सांगतो. वाचलेल्याचा जो अर्थ कुणाला तरी दाराबाहेर ठेवतो, तो अर्थ चुकला आहे असं समजून पुन्हा वाचा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी १६ ओव्या करू नका, जिथे थांबलात तिथूनच पुढे चला.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्याआधी महिनाभर सुरू केलंत तर यात्रेच्या सुमारास अध्याय पुरा होईल. पुढे तेरावा घ्या, पण फक्त ज्ञानाच्या लक्षणांचा भाग. त्यात एकट्या अहिंसेवरच १०० हून जास्त ओव्या आहेत: चालणं, बोलणं, पाहणं, हातांनी करायचं काम, असं वेगवेगळं सांगितलेलं. तिथे रोज ८ ऐवजी ५ ओव्या घ्या आणि एका आठवड्याला एकच अवयव ठेवा; जिभेला दोन आठवडे द्यावे लागतात.