वापरलेली लांब पल्ल्याची रायफल घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) रायफल-शिकारीचा मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत वापरलेल्या रायफली भराभर खपतात. ‘फार कमी वापरलेली, हजार यार्डांपर्यंत अचूक, स्कोपसकट’ (म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीसकट) अशी जाहिरात असते, किंमत नव्या रायफलीपेक्षा बरीच कमी असते आणि अमेरिकेत स्थिरावलेली, नुकतीच शिकारीची हौस लागलेली आपली मंडळीही तिला भुलतात. घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण अशा सौद्यात पैसे मोजायचे असतात ते नळीच्या उरलेल्या आयुष्याचे. दस्त्याचं लाकूड, रंग, स्कोप हे सगळं त्यानंतर.

‘कायद्याचं नंतर बघू’

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीत असलेला शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की कपाटातली तीच रायफल गुन्हा ठरते. ऑफिसातल्या मित्राबरोबर रेंजवर जाऊन त्याची रायफल हातात घेणं हेही ‘बाळगणं’च धरलं जातं, आणि हे अनेकांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. दुकानदाराच्या ‘काही होत नाही हो’वर व्हिसा पणाला लावू नका.

राज्यागणिक नियमही वेगळे आहेत. कोलोरॅडोत २०१३पासून खासगी व्यवहारही परवानाधारक विक्रेत्यामार्फत, पार्श्वभूमी तपासूनच करावा लागतो. ऑक्टोबर २०२३पासून ताबा मिळायला किमान तीन दिवस थांबावं लागतं. टेक्सासात खासगी विक्रीला असं बंधन नाही. पण विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर मध्ये परवानाधारक विक्रेता हवाच.

रायफलीचं वय वर्षांत मोजणं

‘दोनच वर्षं जुनी आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. किती बार झालेत ते विचारा. नळी झिजते ती मुख्यतः चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, जिथे आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा, सुरू होतात तिथे. दर बाराला तापलेला वायू आधी तिथून जातो. काडतुसात दारू जास्त आणि नळीचं भोक लहान, तितकी ही जागा लवकर जळते. ढोबळ हिशेब असा (नावं काडतुसांची; रायफल त्यांवरूनच ओळखली जाते): .३०८ विनचेस्टरची नळी पाच हजार बारही सहज काढते, ६.५ क्रीडमोर अडीच-तीन हजार, .३०० विनचेस्टर मॅग्नम दीड-दोन हजार, आणि २८ नोस्लरसारखं तापट काडतूस हजाराच्या आसपासच दम टाकतं. भराभर बार काढून नळी तापवली असेल तर याहूनही आधी. म्हणजे आठशे बार झालेली क्रीडमोर तरुण, आणि तितकेच बार झालेली २८ नोस्लर म्हातारी.

विकणारा बारांचा आकडा कमी सांगणार हे धरूनच चाला. म्हणून बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत पाहायचा बारीक कॅमेरा, लावा. मोबाईलला जोडायचा शंभर-दीडशे डॉलरचा मिळतो, किंवा गनस्मिथकडून (बंदूक-कारागिराकडून) पाहून घ्या. आटे जिथे सुरू होतात तिथे उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा भेगा दिसतात. थोड्या भेगांनी घाबरू नका. वापरलेल्या नळीत त्या असायच्याच. पण भेगा खोल असतील आणि आट्यांच्या कडाच पुसल्या गेल्या असतील, तर नव्या नळीचा आणि मजुरीचा खर्च, साधारण हजार डॉलर, भावातून आधीच वजा करा. विकणारा ऐकत नसेल तर नमस्कार करून निघा.

बोअरस्कोपला विकणाऱ्याने नकार दिला, तर मी पुढे बोलतच नाही. तीन बार एकाच भोकात गेल्याचा फोटोही मी पुरावा मानत नाही. तुमच्या कारखानी काडतुसांनी, नळी थंड होऊ देत, दहा बार काढून पाहायला मागा. शिकारीत पहिला, थंड नळीचा बारच महत्त्वाचा असतो, त्यामुळे तो कुठे लागतो ते वेगळं टिपून ठेवा.

जुन्या नळीतून नवी गोळी

लांब पल्ल्याच्या हल्लीच्या गोळ्या लांबुळक्या असतात. त्यांना स्थिर ठेवायला नळीतला पीळ, म्हणजे आट्यांचा वळसा, घट्ट लागतो. .२७० विनचेस्टर १९२५ची; तिच्या नेहमीच्या नळीत गोळीला दर दहा इंचांत एक फेरा मिळतो आणि १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब गोळी त्यात डळमळते. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या जुन्या नळ्यांतही १८० ग्रेनवर हीच रड. कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याची लागते आणि ती त्याच वजनात आणखी लांब होते. तेव्हा पिळाचा आकडा आधी, गोळीची निवड नंतर.

रायफल गनस्मिथने बांधलेली असेल तर नळीवर काडतुसाचं नाव काय कोरलंय आणि चेंबर खरोखर तेच आहे का, हे तपासून घ्या. सोबत ‘घरी भरलेली शंभर काडतुसं फुकट’ मिळाली तर एकही झाडू नका. त्यात किती दारू भरलीय हे भरणाऱ्यालाच ठाऊक.

‘हजार यार्ड’ला भुलणं

ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर ६.५ क्रीडमोरची गोळी सव्वा ते दीड फूट ढकलतो. एल्कचा काळीज-फुप्फुसाचा भाग फूट-सव्वा फुटाचा. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. मग रायफल हजार यार्डांची असून काय उपयोग? शिवाय स्कोपसकट बारा पौंड भरणारी रायफल दहा हजार फुटांवर दिवसभर खांद्याला अडकवून चढायचं असतं. डोंगर तुडवायचा असेल तर आठ-नऊ पौंडांची, तीन-चारशे यार्डांपर्यंत भरवशाची रायफल घ्या, उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाला.

चाप न तपासणं

रेमिंग्टन ७०० बाजारात भरपूर मिळते. त्यातल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या, मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या रायफली कंपनीने २०१४मध्ये परत मागवल्या होत्या. चाप न ओढता बार होण्याचा धोका होता. चाप दुरुस्त किंवा बदलल्याची पावती मागा. रायफल कोणतीही असो, मालकाच्या परवानगीने ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावून चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. ‘टक्’ आवाज आला तर सौदा तिथेच थांबवा.

घेतली, पण नेम बसत नाही

लगेच नळीला दोष देऊ नका. आधी दस्त्याचे दोन स्क्रू, मग स्कोपच्या रिंगा आणि खालची पट्टी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासा; निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. नंतर गोळ्यांवरून नळीत साचलेलं तांबं काढा आणि दोन-तीन वेगळ्या वजनांची काडतुसं लावून पाहा. पुढे स्कोप: त्याच्या चकत्या वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून नेम मूळ जागी परततो का बघा. परतला नाही तर खात्रीचा दुसरा स्कोप बसवून पुन्हा झाडा. फुकट मिळालेला स्कोप फुकट का मिळाला ते बऱ्याचदा इथे कळतं. हे सगळं करूनही बार पसरत असतील तर मग नळी. पण हंगामाच्या तोंडावर ती बदलायला टाकू नका. गनस्मिथकडे त्या दिवसांत लांबलचक रांग असते आणि तुमची रायफल एल्कचे दिवस उलटल्यावर हातात पडेल.