पिनकोड फोडायचा कसा: सांगली ४१६४१६, सातारा ४१५००१

माझं माहेर सातारा, सासर सांगली. राखीच्या पाकिटांवर लिहून लिहून दोन्ही पिनकोड तोंडपाठ झालेत. शिकवणीत मोठ्या संख्येचे अवयव पाडायला मी हेच दोन देते. एक लगेच सुटतो, दुसरा सहज दाद देत नाही.

आधी सांगली. तीन अंक जसेच्या तसे दोनदा आले की भागाकार मांडायचाच नाही. ४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेल्या ४१६ ला दोनाने भागत चला: २०८, १०४, ५२, २६, १३. झालं, २⁵ × ७ × ११ × १३². विभाजक एकेक करून मोजू नका. प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि गुणा: ६ × २ × २ × ३ = ७२. संख्या स्वतः सोडून बाकीच्या ७१ विभाजकांची बेरीज ६,९०,३६८ भरते, ४१६४१६ पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ही विपुल संख्या. शिवाय अंकांची बेरीज २२ आणि तिनेही नि:शेष भाग जातो (१८,९२८), म्हणजे देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या हर्षद संख्यांतही ती बसते.

आता सातारा, माझा लाडका. ४१५००१ विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ११ म्हणून ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ एकदम तपासायला पुढचे तीन अंक आणि मागचे तीन यांची वजाबाकी करा: ४१५ − १ = ४१४. तिला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. इथे पोरं "बाई, मूळ संख्याच आहे" म्हणून वही मिटतात. पण वर्गमूळ ६४४ च्या जरा पुढे आहे, तिथपर्यंतच्या शंभरावर मूळ संख्या अजून तपासायच्या राहिल्यात!

त्याआधी सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माची युक्ती लावा. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६४५, तिचा वर्ग ४,१६,०२५. त्यातून ४,१५,००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी शाळेत शिकलेलीच असते: (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७. दोन्ही मूळ. विभाजक फक्त चार.

संगणकावरचे संदेश गुप्त ठेवणारी १९७७ ची आरएसए कुलुपं अशाच, पण शेकडो अंकी गुणाकारांवर चालतात. त्यांतल्या दोन मूळ संख्या फार जवळजवळ घेतल्या, तर तेही कुलूप याच युक्तीने उघडतं.

अवयव एकमेकांपासून लांब असले तर मात्र ही युक्ती रडवते. पहिल्या पायरीला वर्ग मिळाला नाही, तर ६४६, ६४७ असं पुढे सरकायचं. वजाबाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ आला तर वर्गमूळ काढायच्या फंदात पडू नका, पूर्ण वर्ग त्या अंकांनी संपत नाही.