दोन भाषांची मिस्सा बसवताना

दोन भाषा बोलणाऱ्यांची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, एकत्र असली की कुठल्या भाषेत काय व्हावं यावरून वाद होतो. मी गायकवृंद सांभाळते, त्यामुळे या वादाचे चटके मलाच आधी बसतात. पहिलं काम: बैठकीत ‘कोणाची भाषा किती’ हे मोजू देऊ नका. मिस्सेचे भाग वाटा. बायबलमधलं पहिलं वाचन एका भाषेत, दुसरं दुसऱ्या, आणि जी भाषा ऐकू येणार नाही तिच्यातला मजकूर छापून हातात द्या. प्रवचन मात्र दोनदा नको. लोक दुसऱ्यांदा घड्याळच ऐकतात! फादरांनी एकाच भाषेत बोलावं, दुसरीतला सारांश कागदावर. श्रद्धावंतांच्या प्रार्थना कुठल्याही भाषेत चालतील, प्रतिसाद तेवढा एकच ठेवा.

गाण्यांवरून खरी जुंपते. तिथे लॅटिन कामी येतं: ती कुणाचीच घरची नाही, म्हणून कुणी रुसत नाही. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाव दिला, पण भाविकांना आपले भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत असंही सांगितलं. ‘आग्नुस देई’ (‘देवाचा कोकरा’ ही मिस्सेतली प्रार्थना) यापासून सुरुवात करा. छोटं आहे, पटकन बसतं.

भाषांतर घरी करून आणू नका, चर्चने मंजूर केलेला पाठच वापरायचा. आणि मोठ्या सणाची वाटणी सणाच्या आठवड्यात काढू नका, महिनाभर आधी लिहून फलकावर लावा.