लाईन आणि नेट बेभरवशाचं असेल तर मेव्हन कसं बसवावं

आमच्याकडे दारव्ह्याच्या बाजूला लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरही झोपतो. जावाचा प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांची खरी पंचाईत इथंच होते. मेव्हन म्हणजे कोड कंपाइल करून, टेस्ट चालवून प्रोजेक्ट तयार करून देणारं टूल. ते बसवणं सोपं आहे, त्याचा झिप जेमतेम ९-१० एमबीचा. पण पहिल्यांदा बिल्ड, म्हणजे प्रोजेक्ट तयार करायचं हे काम, चालवला की तो लागणारी प्रत्येक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) नेटवरून ओढतो, आणि मध्येच नेट गेलं तर बिल्ड फेल. म्हणून सगळं डाउनलोड यवतमाळला गेलात की एकाच खेपेत उरका.

आधी जेडीके, म्हणजे जावात प्रोग्राम बनवायचं किट. मेव्हन ३.९ ला जावा ८ किंवा त्यापुढचं चालतं, मेव्हन ४ ला मात्र १७ लागतं. तेव्हा सरळ १७ किंवा २१ घ्या. नुसतं जेआरई (तयार प्रोग्राम चालवण्यापुरतं जावा) नको, त्यात कंपायलर नसतो.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं वापरा.

विंडोजवर अपाचे मेव्हनच्या साइटवरून ‘बायनरी झिप’ घ्या, ‘सोर्स’ नको. सी ड्राइव्हवर ‘टूल्स’ फोल्डर करून त्यात उघडा. मग स्टार्टमध्ये ‘एनव्हायर्नमेंट’ शोधून व्हेरिएबल्सची खिडकी उघडा. ‘जावा_होम’ नावाचं नवं व्हेरिएबल करून त्याला जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता द्या. बहुतेक जण इथंच चुकतात आणि शेवटी ‘बिन’ जोडून बसतात. या पत्त्यात ‘बिन’ नको. ‘पाथ’मध्ये मात्र मेव्हनच्या ‘बिन’ फोल्डरचाच पत्ता टाकायचा. आधीच उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टला हे बदल दिसत नाहीत, तो बंद करून नवा उघडा.

उबुंटूवर एका ओळीत काम होतं: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल डिफॉल्ट-जेडीके मेव्हन’. नुसतं मेव्हन मागितलं तर कंपायलर येईलच असं नाही, म्हणून जेडीकेचं नाव सोबत घेतलं. इथं मिळणारं मेव्हन थोडं जुनं असतं, पण कॉलेजच्या प्रोजेक्टला पुरतं. मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर बसवून देणारं टूल) असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल मेव्हन’, जावा ते स्वतःच आणतं.

तिन्हीकडे ‘एमव्हीएन -व्ही’ मारून पाहा. मेव्हन आणि जावाची व्हर्जन दिसली की बसलं.

आता नेट आहे तोवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एमव्हीएन पॅकेज’ टेस्टसकट पूर्ण चालवा. ‘डिपेन्डन्सी:गो-ऑफलाइन’ नावाची कमांडही आहे, पण टेस्टसाठी लागणाऱ्या काही फाइल तिच्यातून सुटतात, म्हणून मी तिच्या भरवशावर राहत नाही. आलेलं सगळं तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.एम२’च्या ‘रिपॉझिटरी’त साठतं. घरचा कॉम्प्युटर वेगळा असेल तर तो फोल्डर पेनड्राइव्हवर न्या, पण आधी झिप करा. हजारो बारक्या फाइल एकेक कॉपी करायला बसलात तर शेवटची बस निघून जाईल.

घरी तो ‘.एम२’मध्ये त्याच जागी उघडा आणि ‘एमव्हीएन -ओ पॅकेज’ चालवा. ‘-ओ’ म्हणजे ऑफलाइन, मेव्हन नेटकडे पाहतही नाही. तरी एखादी लायब्ररी सापडत नाही असं म्हणालं तर तिचं नाव एररमध्येच असतं. रात्री रेंज आली की मोबाइलचं हॉटस्पॉट लावून एकदा ‘-ओ’ न देता चालवा, जे राहिलं असेल तेवढंच येईल.