तरणतलावाला कुंपण की कव्हर? लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी निवड कशी करावी

मुंबईतल्या नव्या गृहसंकुलांत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या स्लॅबवर, तरणतलाव असणे आता नवलाचे राहिलेले नाही. अलिबाग, कर्जत किंवा लोणावळ्याला बंगला असलेल्या मुंबईकर कुटुंबांकडे तर तो बहुधा दिवाणखान्याच्या दारापासून काही पावलांवरच असतो. पाण्यात पडलेले दोन-तीन वर्षांचे मूल हाका मारत नाही. तोंडात पाणी गेल्यामुळे त्याला आवाजच काढता येत नाही, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसालाही काही घडल्याचे कळत नाही. म्हणून मुलांवर लक्ष ठेवणे कितीही आवश्यक असले तरी तेवढ्यावर विसंबून चालत नाही. मूल आणि पाणी यांच्यामध्ये एखादा पक्का अडथळा असावाच लागतो. तो कुंपणाचा असावा की कव्हरचा, हे दिसण्यावरून किंवा दरपत्रकावरून न ठरवता खालील क्रमाने ठरवावे.

आधी तलावाचा दिनक्रम कागदावर मांडावा

तलाव किती वाजता उघडतो, दुपारी किती वेळ रिकामा असतो, जीवरक्षक कोणत्या वेळी हजर असतो, साफसफाई कोण व केव्हा करते आणि कोणकोणती दारे तलावाकडे उघडतात, हे सर्व लिहून काढावे. लहान मुलांच्या अपघातांत पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट अशी की, त्या वेळी मूल पोहायला गेलेलेच नसते. ते घरात आहे असे सगळे धरून चालतात आणि ते कुणाच्या नकळत पाण्यापाशी पोचलेले असते. त्यामुळे पोहण्याच्या वेळा महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांच्या मधल्या वेळा अधिक महत्त्वाच्या आहेत.

या कागदावरूनच निम्मा निर्णय होतो. थंड प्रदेशांत हिवाळ्याच्या तोंडावर कव्हर बसवतात आणि हिवाळा संपल्यावर काढतात. मुंबईत मात्र तलाव जवळजवळ बारा महिने वापरात असतो. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ अशा वेळा असलेल्या सोसायटीत कव्हर दिवसातून दोनदा काढावे आणि दोनदा बसवावे लागेल. हे काम वर्षभर, सुट्टीच्या आणि बदली कामगाराच्या दिवशीसुद्धा, एकदाही न चुकता होईल असे मानणे धोक्याचे आहे. शिवाय कव्हर काढलेले असताना त्याचा काहीच उपयोग नसतो. मोठी मुले पोहत असताना धाकट्या भावंडाला पाण्यापासून दूर ठेवण्याचे काम कुंपणच करू शकते. म्हणून नियमित वापरातल्या तलावासाठी आधी कुंपण आणि मग हवे असल्यास कव्हर, हाच क्रम माझ्या मते योग्य आहे.

कुंपणाची मापे स्वतः टेपने तपासावीत

कुंपण म्हणजे तलावाला चारही बाजूंनी वेगळे करणारे कुंपण. पुष्कळ बंगल्यांत तीन बाजूंना रेलिंग असते आणि चौथी बाजू घराची भिंत असते, जिच्यात तलावाकडे उघडणारे सरकते दार असते. म्हणजे ज्या दारातून मूल बाहेर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच मोकळे राहते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दिलेल्या माहितीनुसार, आवाराच्या तीन बाजूंच्या कुंपणाशी तुलना करता तलावाच्या चारही बाजूंच्या कुंपणामुळे मूल बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी कमी होऊ शकतो.

ऑस्ट्रेलियात खासगी तलावांना कुंपण कायद्याने सक्तीचे आहे आणि तिथल्या मानकातली मापे आपल्याकडच्या फॅब्रिकेटरलाही (रेलिंग-ग्रिल बनवणाऱ्या कारागिरालाही) जशीच्या तशी देता येतात. उंची किमान 1.2 मीटर असावी. सोसायटीत शेजारची मोठी मुलेही येतात, म्हणून मी 1.5 मीटरचा आग्रह धरेन. दोन उभ्या गजांमधले आणि कुंपणाखालचे अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला 90 सेंटिमीटरच्या आत पाय ठेवून चढता येईल असे काही नसावे. आपल्याकडे सर्वांत जास्त चूक याच ठिकाणी होते. जिन्याला बसवतात तसे आडव्या पाइपांचे स्टीलचे रेलिंग तलावाभोवती सर्रास बसवले जाते आणि चार वर्षांच्या मुलासाठी ती तयार शिडीच ठरते. फॅब्रिकेटरला ‘फक्त उभे गज’ असे लेखी सांगावे. कुंपणाला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची, मोठी कुंडी आणि एसीचे बाहेरचे युनिट हलवावे.

फाटकाला बाकीच्या सगळ्या कुंपणाइतकाच वेळ द्यावा. ते तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे, आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे असावे. कडी जमिनीपासून सुमारे 1.5 मीटरवर असावी. ताबा घेण्यापूर्वी चाचणी करावी. फाटक पूर्ण उघडून सोडावे, मग अर्धे उघडून सोडावे, आणि शेवटी कडीवर टेकलेले असताना जेमतेम दोन बोटे मागे ओढून सोडावे. तिन्ही वेळा हात न लावता खट् असा आवाज होऊन कडी बसली पाहिजे. दोन बोटांच्या चाचणीत बहुतेक फाटके नापास होतात, कारण एवढ्या कमी अंतरात त्यांना वेगच मिळत नाही. तेव्हा बिजागरीची स्प्रिंग घट्ट करून घ्यावी.

समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही आणि 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही काही काळाने तांबूस डाग पडू लागतात. वरळी, वर्सोवा किंवा मढसारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत निदान बिजागऱ्या, कडी आणि स्क्रू 316 दर्जाचे मागावेत. पोडियमवरच्या तलावाबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. खांबांसाठी स्लॅबमध्ये भोके पाडताना वॉटरप्रूफिंगचा थर फुटला, तर गळती खालच्या पार्किंगमध्ये उतरते. त्यामुळे खांब बेस प्लेटवर कसे बसवणार आणि भोके कशाने बुजवणार, हे काम सुरू होण्यापूर्वी इमारतीच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

कव्हर घ्यायचेच असेल तर

बाजारात कव्हर या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पाण्यावर तरंगणारे, फुगवट्यांचे निळे प्लास्टिक उष्णता टिकवण्यासाठी आणि बाष्पीभवन कमी करण्यासाठी असते. त्यावर मूल पडले तर ते प्लास्टिकसह आत जाते आणि वरून दिसतही नाही, म्हणून ते उघड्या पाण्यापेक्षाही वाईट. दोरीने बांधलेली ताडपत्रीही याच वर्गात मोडते. सुरक्षेसाठीचे कव्हर डेकमध्ये रोवलेल्या आंकड्यांना पट्ट्यांनी ताणून बसवलेले असते किंवा मोटरवर रुळांतून सरकते. अमेरिकेतील एएसटीएम एफ1346 या मानकानुसार 2.4 मीटरपेक्षा रुंद तलावावरच्या कव्हरने सुमारे 220 किलो वजन, म्हणजे दोन प्रौढ आणि एक मूल, पेलले पाहिजे. विक्रेत्याकडे याच किंवा समकक्ष मानकाचे प्रमाणपत्र मागावे, आणि ते नसेल तर ती वस्तू मुलांच्या सुरक्षेसाठी नाही असे समजावे.

मुंबईत या निवडीत पावसाचा विचार टाळता येत नाही. चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अखंड पत्र्यासारख्या कव्हरवर एका रात्रीच्या सरींनी मधोमध डबके साचते, आणि लहान मूल बुडायला काही सेंटिमीटर पाणीही पुरते. त्यामुळे असे कव्हर घेतले तर त्यावरचा पाणी उपसणारा पंप पावसाळाभर चालू राहील याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी लागते. जाळीच्या कव्हरमधून पाणी खाली निघून जाते. मात्र ऊन आणि गाळही आत जातो, त्यामुळे शेवाळ लवकर धरते आणि औषध टाकण्याचे काम वाढते. तरीही पावसाळ्याच्या दृष्टीने मी जाळीचेच कव्हर निवडेन.

काही ठिकाणी कव्हरची खरीच गरज असते. आठवड्याचे पाच दिवस बंद असलेल्या बंगल्यात रखवालदाराचे किंवा माळ्याचे कुटुंब राहत असते आणि त्यांची लहान मुले त्याच आवारात खेळतात. मालक मुंबईत असताना त्या तलावाकडे कुणाचेच लक्ष नसते. अशा वेळी निघण्यापूर्वी कव्हर बसवून कुलूप लावणे हे कुंपणाच्या जोडीला मोठे संरक्षण आहे. गच्चीवरच्या छोट्या तलावाभोवती कुंपणाला जागाच नसेल, तर कुलूपबंद मोटरचे कव्हर घ्यावे आणि गच्चीच्या दाराला उंचावर कडी बसवावी.

सोसायटीत निर्णय आणि देखभाल

सर्वसाधारण सभेत प्रस्ताव मांडताना मापांचा कागद आणि फॅब्रिकेटरचे रेखाचित्र जोडावे, म्हणजे चर्चा रंग आणि काचेपाशी अडकत नाही. ठरावात फाटकाची किल्ली कोणाकडे राहील हे नावाऐवजी पदाने लिहावे. महिन्यातून एकदा वर सांगितलेली तिहेरी चाचणी करून नोंदवहीत सही घ्यावी. पावसाळा संपताच बिजागऱ्यांना तेल द्यावे आणि स्प्रिंग तपासावी. साफसफाईच्या वेळी ये-जा सोपी व्हावी म्हणून फाटकाला वीट लावून ठेवण्याची सवय जवळपास सगळीकडे आहे. तिला कधीही मुभा देऊ नये.

भाड्याच्या बंगल्यावर जाताना आरक्षण करण्यापूर्वीच तलावाचा चारही बाजूंनी काढलेला फोटो मागवावा. कुंपण नसेल आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर दुसरा बंगला शोधावा. तिथे जाणे भागच असेल, तर पोचल्याबरोबर तलावाकडची दारे आतून बंद करावीत आणि दर अर्ध्या तासाला एक अशी मोठ्या माणसांची पाळी लावावी. ज्याची पाळी असेल त्याने फोन बाजूला ठेवून मुलापासून हाताच्या अंतरावरच थांबावे. छातीवर दाब देणे आणि तोंडाने कृत्रिम श्वास देणे (सीपीआर) निदान दोघांना येत असावे, आणि 108 वर सांगण्यासाठी बंगल्याचा पूर्ण पत्ता दाराजवळ लिहून लावावा.