हिशेब सांभाळणारी फर्म निवडताय? या चुका टाळा

छोटा व्यावसायिक अकाउंटिंग फर्म शोधायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्याचे किती घेणार? प्रश्नात काही वावगं नाही, फक्त तो फार लवकर येतो. कशाचे किती, हे ठरलेलंच नसेल तर दोन फर्मचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एकीच्या फीमध्ये वर्षअखेरचं कराचं विवरणपत्र एवढंच असतं. दुसरीच्या फीमध्ये रोजच्या नोंदी, पगारपत्रक, बँक जुळवणी (हिशेब बँकेच्या विवरणाशी ताडून पाहणं) आणि करविभागाच्या पत्रांना उत्तरं हे सगळं धरलेलं असतं. स्वस्त वाटलेली फर्म मग प्रत्येक कामाला ‘याचे वेगळे पडतील’ म्हणू लागते. वाद फीवरून होतो, पण काम काय ते कुणीच लिहून ठेवलेलं नसतं, हे त्याचं खरं कारण.

‘फर्मने केलंय, म्हणजे तपासलेलंच असणार’

हा गैरसमज सर्वात महाग पडतो. तुम्ही दिलेल्या कागदांवरून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करणं हे एक काम. त्यात आकडे बरोबर आहेत अशी हमी अकाउंटंट देत नाही. आकड्यांची मर्यादित तपासणी हे दुसरं काम, आणि पूर्ण लेखापरीक्षण म्हणजे ऑडिट हे तिसरं. तिन्हींसाठी आंतरराष्ट्रीय मानकं वेगवेगळी आहेत. मेहनत आणि फीही अर्थातच वेगळी. कर्ज देणारी बँक ऑडिट झालेले हिशेब मागते आणि तुमच्याकडे नुसते तयार केलेले हिशेब असतात, असं ऐनवेळी कळण्यापेक्षा पहिल्याच भेटीत विचारा: या तिन्हींपैकी तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय करणार?

उत्तर लेखी घ्या. कोणतं काम, कोणत्या तारखेपर्यंत, कागद कुणी आणि कधी द्यायचे, फीच्या बाहेर काय, फर्मच्या चुकीने दंड बसला तर तो कुणी भरायचा आणि करार मोडायचा झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, एवढं त्या पत्रात हवं. चांगल्या फर्म असं नेमणूकपत्र न मागताच देतात. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्याकडे मी तरी हिशेब देणार नाही. ज्याचा धंदाच कागदांचा, त्याला कागदाचा कंटाळा असून कसं चालेल?

पाटी पाहून भुलणं

अनेक देशांत कुणीही स्वतःला अकाउंटंट म्हणवू शकतो. ब्रिटनमध्ये ‘चार्टर्ड अकाउंटंट’ म्हणवून घ्यायला मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व लागतं, पण नुसतं ‘अकाउंटंट’ म्हणवून घ्यायला कसलंही बंधन नाही. त्यामुळे तुमच्या देशातली व्यावसायिक संस्था कोणती ते पाहा आणि तिच्या सदस्य-सूचीत ते नाव शोधा. १९७७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाच्या, म्हणजे आयफॅकच्या, संकेतस्थळावर देशवार सदस्य संस्था दिलेल्या आहेत. पाच मिनिटांचं काम आहे.

नाव खरं निघालं, तरी तुमचं काम प्रत्यक्षात कोण करणार हे वेगळंच. भेटीला पार्टनर येतो, नोंदी मात्र कालच रुजू झालेला मदतनीस करतो. त्यात गैर काही नाही. त्याचं काम दुसरं कुणी तपासतं का आणि तो सोडून गेला तर फाइल कुणाकडे जाते, एवढं विचारून घ्या.

सगळ्या चाव्या फर्मच्या हवाली करणं

नोंदणी करताना फर्म सोयीसाठी स्वतःचाच ईमेल आणि फोन नंबर टाकते. त्या दिवशी बरं वाटतं, आपल्यामागची कटकट गेली म्हणून. पुढे करविभागाची नोटीस येते ती फर्मच्या इनबॉक्समध्ये. तिथे ती आणखी शेकडो अशिलांच्या मेलखाली दबते, उत्तराची मुदत उलटते आणि दंड तुमच्या नावावर निघतो. काम दुसऱ्याकडे दिलं तरी विवरणपत्रातल्या मजकुराची जबाबदारी करदात्याचीच राहते. फर्मच्या चुकीची भरपाई तिच्याकडून मागता येईल, पण सरकारदरबारी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून सरकारी खात्यांवर ईमेल आणि फोन तुमचा, आणि फर्मला अधिकृत प्रतिनिधी म्हणून वेगळा प्रवेश.

सॉफ्टवेअरचंही तेच. वर्गणी फर्मच्या नावावर असेल तर संबंध बिघडले की तुमच्याच खतावण्या तुम्हाला दिसेनाशा होतात. खातं तुमच्या नावावर काढा, प्रशासकाचा अधिकार स्वतःकडे ठेवा, फर्मला वापरकर्ता म्हणून जोडा. दर महिन्याला डेटाची एक प्रत आपल्याकडे उतरवून घ्या. फक्त पीडीएफ नको; दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येईल अशा रूपातही हवी.

बँकेच्या बाबतीत तर थोडंही सैल सोडू नका. फर्मला व्यवहार पाहण्यापुरता प्रवेश पुरतो. देणी नोंदवणारा, ती मंजूर करणारा आणि पैसे पाठवणारा एकच माणूस असेल, तर अफरातफर झाली तरी ती पकडायला कुणी उरत नाही. डिजिटल सही आणि तिचा पासवर्ड फर्मच्या कपाटात ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणं.

वर्षातून एकदाच तोंड दाखवणारी फर्म

कर भरण्यापुरती फर्म हवी असेल तर वर्षातून एक भेट चालेल. धंदा चालवायला आकडे हवे असतील तर मागच्या महिन्याचे हिशेब पुढच्या महिन्याच्या कितव्या तारखेला मिळणार, हे ठरवून घ्या. सहा महिने जुना नफा-तोटा पाहून माल मागवायचा की थांबायचं हे ठरवता येत नाही.

फर्मची पारख करायला एक प्रश्न फार कामाचा आहे: ‘कागदावर नफा दिसतोय, मग खात्यात पैसे का नाहीत?’ समोरचा गडबडला किंवा ‘ते तसंच असतं’ म्हणाला, तर पुढची फर्म पाहा. जाणकार माणूस आधी तुमची येणी विचारेल, कारण उधारीवरची विक्री पैसे यायच्या आधीच उत्पन्नात धरली जाते. मग गोदामात किती माल पडून आहे ते विचारेल. कर्जाचं व्याज खर्चात येतं पण मुद्दलाची परतफेड येत नाही, हे सांगेल. यंत्र घेतलं तर पैसे एकदम जातात, नफ्यातून मात्र वर्षागणिक फक्त घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीचा त्या वर्षाचा हिस्सा, वजा होतो. आणि शेवटी, थोडं संकोचून, मालकाची घरखर्चासाठीची उचल किती हे विचारेल. हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस सहसा कामाचा निघतो.

करविभागाकडून मिळणाऱ्या परताव्याच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्यापासून लांब राहा. परतावा जितका फुगेल तितकी त्याची कमाई, आणि तो चुकीचा ठरला तर व्याजासह परत करायचा तुम्ही. अशा फीवर अनेक देशांत बंधनं आहेत ती उगाच नाहीत. नातेवाइकाची फर्म? काम चोख असेल तर जरूर द्या, पण त्याला काढून टाकता येणार नसेल तर नको.

आधीच अडकला असाल तर

आधी आजार किती जुना आहे ते पाहा. बँकेचं विवरण आणि हिशेबातली बँकेची शिल्लक महिनाअखेरच्या एकाच तारखेला समोरासमोर ठेवा. वटायचे राहिलेले चेक किंवा बँकेचे शुल्क यामुळे फरक पडू शकतो. पण तो कशाचा हे फर्मला सांगता आलं पाहिजे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाल्याची शक्यता आधी तपासा: ६३० च्या जागी ३६० लिहिले की फरक २७० येतो. मग हिशेबातलं सस्पेन्स खातं उघडून पाहा. कुठे टाकायचं ते न कळलेले व्यवहार तिथे काही दिवस राहणं ठीक, वर्षभर साठत गेलेले नाही. रोख शिल्लक उणे दिसत असेल तर शंकेला जागाच नाही, कारण पेटीत शून्यापेक्षा कमी नोटा असू शकत नाहीत. तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, म्हणजे ट्रायल बॅलन्स) जुळते आहे असं सांगून कुणी समजूत काढू लागला तर ऐकू नका. नोंदच राहून गेली किंवा खर्च भलत्याच खात्यावर पडला तरी तेरीज जुळते.

फर्म बदलायचं ठरलं तर घाईत निरोप देऊ नका. आधी डेटा आणि कागद हाती घ्या: पूर्ण खतावणी, शेवटची तेरीज, मालमत्ता आणि घसाऱ्याचा तक्ता, येणी-देणी यादी, पगाराच्या नोंदी, भरलेली विवरणपत्रं त्यांच्या पोचपावत्यांसह आणि पुढे ओढलेल्या तोट्याचं, म्हणजे पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायच्या जुन्या तोट्याचं, गणित. हे शेवटचं हमखास राहतं, आणि ते नसलं की पुढच्या वर्षी जास्त कर भरला जातो. जुनी फी थकली असेल तर काही देशांत फर्मला कागद अडवून ठेवता येतात, काही ठिकाणी नाही. म्हणून वादात नसलेली रक्कम आधी चुकती करून टाका. नवी फर्म जुनीला पत्र लिहून, काम घ्यायला काही हरकत आहे का, असं विचारेल. तो व्यवसायाचा रिवाज आहे, त्याला अडवू नका.

शक्य असेल तर वर्षाच्या किंवा तिमाहीच्या सीमेवर बदल करा. मधल्या काळातलं विवरणपत्र कुणी भरायचं, हे दोन्ही फर्मना एकाच मेलमध्ये तारखेसह लिहा. जुन्यांचा प्रवेश त्यांचं शेवटचं विवरणपत्र दाखल होऊन पोचपावती तुमच्या हाती आली की त्याच दिवशी बंद करा.