करवत मागवण्याआधी कानस घ्या

पंचवटीत माझे मामा सुतारकाम करायचे. जमिनीवर बसायचं, फळी पायाने दाबायची आणि करवत आपल्याकडे ओढायची. तिचे दाते मुठीकडे वळलेले. काम आटोपलं की संध्याकाळी ते तिकोनी कानस घेऊन बसत. धार नीट बसतेय की नाही हे ते कानशीच्या आवाजावरून ओळखत, आणि मीही तिथेच ओळखायला शिकले. म्हणून हाताने करवती बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कारागिराकडून पहिली करवत मागवायची असेल, तर आधी कानस घ्या. जुन्या बाजारातून एखादी गंजकी करवत आणा आणि तिच्यावर हात बसवा.

कारण सांगते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींच्या दात्यांची टोकं कारखान्यातच कडक केलेली असतात, रंगाने निळसर काळी. त्यांच्यावर कानस नुसती घसरते. बोथट झाली की करवत फेकायची. छोटे कारागीर मात्र स्प्रिंगच्या पोलादाचं पातं वापरतात. ते कानशीपेक्षा मऊ असतं, म्हणून पुन्हा पुन्हा धार लावता येते. जास्तीचे पैसे आपण याचेच मोजतो. शिवाय आपल्या हाताखाली येतो तो सागवान, पेठ-सुरगाण्याकडचा असो की वाड्यातला जुना. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. मऊ लाकडावर महिनोन्‌महिने टिकणारी धार सागावर लवकर जाते. कानस येत नसेल तर महागडी करवतही इथे लवकरच खुंटीला लागते.

आता कोणती घ्यायची. आधी काम ठरवा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरायचं असेल तर दाते छोट्या पटाशीसारखे सरळ घासलेले हवेत. रेषा आडव्या कापायच्या असतील तर प्रत्येक दात्याला तिरकस, चाकूसारखी कड हवी. डव्हटेलसाठी, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या आकाराच्या सांध्यासाठी, ८ ते १० इंच पातं, इंचाला १५ च्या आसपास दाते, पात्याची जाडी ०.०१५ ते ०.०२० इंच. चौरंगाच्या पायाचं कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक, कापायला १४-१६ इंच पातं आणि इंचाला १०-१२ दाते. पहिल्यांदा एकच घेणार असाल तर मी ही दुसरी घ्यायला सांगेन.

मी नेमकं उलटं केलं होतं. डव्हटेलची बारीक दात्यांची करवत मागवली आणि तिनेच दोन इंची सागाची कुसवं कापायला घेतली. दात्यांमधल्या खळग्यांत भुसा गच्च बसला, पातं तापलं, मी आणखी जोर लावला. बाजूला धरून पाहिलं तर दात्यांची रेघ सापासारखी वळलेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कारागिराला फोटो पाठवला, त्याचं स्वतःचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: पातं मोडलेलं नाही, वरची पितळी पाठ, म्हणजे पात्याच्या वरच्या कडेवर बसवलेली पट्टी, सरकली आहे. पातं दोन लाकडांच्या मध्ये धरून पाठीच्या पुढच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. चार ठोक्यांत रेघ सरळ झाली. हे जमलं, कारण ती पाठ दुमडलेल्या पितळेची होती आणि पातं तिच्या नुसत्या चिमटीत होतं. खाच पाडून, चिकटवून बसवलेल्या पाठीला हा उपाय चालत नाही. म्हणून मागवताना पाठ कशी आहे ते जरूर विचारा.

मुठीचंही विचारा. तळहाताची रुंदी सूत-इंचात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजून कळवा. मुठीत तीन बोटं मावली पाहिजेत, तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेने. माझा हात लहान आहे. तयार मुठींत तो हलत राहायचा आणि काप डावीकडे जायचा. मापाची मूठ आल्यावर तो दोष गेला.

पाठीच्या चांगल्या करवती पुन्हा नव्याने बनू लागल्या त्याला फार वर्षं झाली नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत पीट टॅरन आणि पॅट्रिक लीच या दोघांनी 'इंडिपेंडन्स टूल' या नावाने जुन्या घडणीची डव्हटेल करवत काढली. १९९८ मध्ये ती मेन राज्यातल्या ली-निल्सनकडे गेली. पुढे असे अनेक छोटे कारागीर उभे राहिले. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि कस्टम आधी विचारून घ्या.

करवत आली की डोळ्यासमोर आडवी धरून दात्यांची रेघ पाहा. मग टाकाऊ फळीवर काप घ्या. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित फाकवलेले असतात; करवत एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचे दाते जास्त फाकलेले आहेत. धार लावायचा बारीक तेलखडा त्या बाजूने दात्यांवरून एकदाच हलक्या हाताने फिरवा. पुन्हा कापून पाहा.

कापताना खूण चाकूने करा आणि टाकाऊ बाजूला त्या खुणेलगत पटाशीने बारीकशी खाच काढा. करवत त्या खाचेत आपोआप बसते. सुरुवातीला पुढच्या टोकाचं वजन हातावर उचलून धरा. आणि पात्याकडे बघा. घासून चकचकीत केलेल्या पात्यात फळी आरशासारखी दिसते. फळीची कड आणि तिचं प्रतिबिंब एका रेघेत आलं की करवत काटकोनात आहे. रेघ मोडलेली दिसली की मनगट सरळ करा. काटकोन तपासायचा गुण्या मग नुसता खात्रीला.

जुन्या नाशकातल्या उतरवलेल्या वाड्यांची तुळई हाती आली तर आधी चुंबक फिरवा. खिळ्याचं टोक आत असतं, वरून दिसत नाही. एका खिळ्यात आठ-दहा दाते जातात.

धारेसाठी पातं दोन फळ्यांत, दाते दोन सूत वर ठेवून शिकंज्यात आवळा. कानस किंचाळली तर पातं थरथरतंय, आणखी खाली घ्या. सपाट कानस दात्यांच्या माथ्यांवरून एकदा फिरवा. प्रत्येक माथ्यावर चकाकता ठिपका येईल. दाते स्केचपेनने रंगवा म्हणजे कुठे घासलंय ते कळतं. तिकोनी कानस फक्त पुढे ढकला, परत आणताना उचला. ठिपका नाहीसा झाला की त्या क्षणी थांबा. आणखी एक घासा मारला तर तो दाता बसका होतो आणि पुढचे काप गचके खातात. दाते प्रत्येक वेळी फाकवू नका, चार-पाच धारांनंतर पुरे.

पावसाळ्यात काम झालं की पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं. एप्रिल-मेमध्ये लाकूड आटून मुठीचे पितळी स्क्रू सैल होतात, तेव्हा आवळा. जूनमध्ये मूठ फुगायला लागली की तेच स्क्रू पाव फेरा सोडा.